कोड खुला, मग तोंडही खुलं?

तुमच्या मोबाइलच्या पोटात जे सॉफ्टवेअर चालतं ते लिहिणारी मंडळी आपापसात कशी भांडतात, ठाऊक आहे? आणि त्या भांडणात 'आता पुरे' म्हणायचा हक्क नेमका कुणाचा?

सोमवारची सकाळ. चहाचा कप टेबलावर ठेवून तुम्ही मेल उघडता. पहिलाच मेल कॅपिटल अक्षरांत... 'तोंड बंद ठेव!' खाली तुमच्या कामाची यथेच्छ चिरफाड. बरं, हा मेल फक्त तुम्हाला आलेला नाही. जगात कुणालाही वाचता येईल असा तो उघड्यावर टाकलाय. आज, उद्या आणि पुढची कित्येक वर्षं. काय कराल? एचआरकडे धाव घ्याल, की गपचूप रेझ्युमे अपडेट करायला बसाल?

डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सवर काम करणाऱ्या एका जुन्याजाणत्या प्रोग्रामरवर ही वेळ आली. मेल पाठवणारा होता खुद्द लिनस टोरवाल्ड्स. हेलसिंकीत शिकत असताना, १९९१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यानं लिनक्स सुरू केलं. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनक्सचाच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरची यादी काढली, तर नोव्हेंबर २०१७ पासून त्यात लिनक्सशिवाय दुसरं काही दिसत नाही. या कर्नलमध्ये काय जाईल आणि काय जाणार नाही, याबाबत शेवटचा शब्द लिनसचा.

गंमत अशी, की त्या भांडणात मुद्दा लिनसचाच बरोबर होता. कर्नलमध्ये बदल केला आणि लोकांचे चालू प्रोग्राम बिघडले, तर दोष कर्नलचा. हा लिनक्सचा लाडका नियम. त्या प्रोग्रामरनं उलट बिघडलेल्या प्रोग्रामकडे बोट दाखवलं आणि लिनसचा पारा चढला. हा नियम इतका कडक पाळला जातो, म्हणूनच कर्नलची नवी आवृत्ती आली तरी जुने प्रोग्राम सहसा चालत राहतात.

मग काय, मुद्दा बरोबर असला की आरडाओरडा माफ?

बाथरोब विरुद्ध टाय

जुलै २०१३ मध्ये हा प्रश्न कुणीतरी मोठ्यानं विचारला. इंटेलमध्ये काम करणाऱ्या आणि लिनक्समधला यूएसबी ३.० चा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी सगळ्यांसमोर लिनसला सुनावलं. कामाच्या ठिकाणी कुणावरही असं ओरडलं जाऊ नये, शिवीगाळ होऊ नये, आणि मी तरी हे ऐकून घेणार नाही, असा त्यांचा सूर होता.

लिनस काय म्हणाला? मी घरी बाथरोब घालून काम करतो. मी टाय घालणार नाही आणि खोटा सभ्यपणाही पांघरणार नाही. ऑफिसातलं राजकारण, पाठीत खंजीर खुपसणं आणि गोडगोड शब्दांतली कुरघोडी, हे सगळं त्या 'प्रोफेशनल' वागण्याच्या पोटी जन्माला येतं, असं त्याचं म्हणणं.

आता मनापासून सांगा, तुम्हाला कोण पटलं?

पटकन 'शार्प' म्हणू नका. 'ग्रेट जॉब, टीम!' असा मेल टाकून महिन्याभरानं अप्रेझलमध्ये हात आखडता घेणारा बॉस आपण सगळ्यांनीच पाहिलाय. मीटिंगमध्ये मान डोलवायची आणि कॅन्टीनमध्ये खरं बोलायचं, ही तर आपली रोजची सवय. त्यापेक्षा तोंडावर 'हे भिकार आहे' म्हणणारा माणूस बरा वाटतो. त्यातून ओपन सोर्सचा सगळा डोलाराच उघड टीकेवर उभा आहे. कोड सगळ्यांना दिसतो, कुणीही चूक दाखवू शकतं, म्हणून तो सुधारतो. चूक दाखवतानाच जीभ चाचरली तर कोड बिघडणार, हे लिनसचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. ऑक्टोबर २०१५ मध्ये शार्प यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. तांत्रिक टीकेचा त्यांना त्रास नव्हता. तिथं माणूस म्हणून आदर मिळत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. शार्प निदान बोलून तरी गेल्या असं म्हणता येईल. पण पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, पाठवायच्या आधीच हे मेल वाचून ज्यांनी लॅपटॉप मिटला, त्यांची नोंद कुठे असणार? ओरडणाऱ्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिसतं. त्याच्या आवाजानं दुसऱ्या कुणाचं तोंड बंद झालं, ते दिसत नाही.

मुक्त की फुकट?

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, 'अरे, हे तर फ्री सॉफ्टवेअर! मग बोलण्यावर बंधनं कसली?'

१९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा करून ही चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन वर्षानुवर्षं एक गोष्ट समजावत आलेत. 'फ्री' म्हणजे भाषणस्वातंत्र्यातलं फ्री, फुकटच्या बिअरमधलं नव्हे. इंग्रजीत एकाच शब्दाचे दोन अर्थ, म्हणून त्यांना हा खटाटोप. मराठीत ती भानगडच नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं. आपण मात्र तिसऱ्याच ठिकाणी घसरतो. 'मुक्त' म्हणजे 'काहीही बोलायची मुभा' असं समजून बसतो.

लायसन्स काय देतं ते बघा. प्रोग्राम चालवा, आतून वाचा, बदला, बदललेला वाटा. बस्स! प्रकल्पातल्या लोकांनी तुमचं ऐकलंच पाहिजे, तुमचा कोड घेतलाच पाहिजे, तुम्ही अपमान केलात तरी दार उघडं ठेवलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. पण त्यात एक जबरदस्त गोष्ट दडलेली आहे. पटत नसेल तर सगळा कोड उचला आणि वेगळी चूल मांडा. तुम्हाला अडवण्याचा हक्क कुणालाही नाही. यालाच 'फोर्क' म्हणतात.

याचा भारी किस्सा आहे. 'नेटबीएसडी' ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक थिओ डी राड्ट. माणूस हुशार, पण जीभ तिखट. डिसेंबर १९९४ मध्ये बाकीच्या सहकाऱ्यांनी त्याच्या बोलण्या-वागण्याचं कारण देऊन त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. गावात कुणाला वाळीत टाकलं की त्याचं पाणीही तुटायचं. इथं मात्र वाळीत टाकलेला माणूस अख्खं घर कॉपी करून घेऊन गेला! १९९५ मध्ये त्यानं 'ओपनबीएसडी' सुरू केली. सुरक्षिततेचं वेड असलेल्या या प्रकल्पातून १९९९ मध्ये 'ओपनएसएसएच' बाहेर पडलं. तुमच्या ऑफिसातला सिस्टिम अ‍ॅडमिन रात्री दोन वाजता घरून सर्व्हरवर लॉगिन करतो ना? बहुतेक वेळा याच ओपनएसएसएचच्या जोरावर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

म्हणजे काढून टाकणाऱ्यांनी चूक केली का? तसं नाही म्हणता येत. नेटबीएसडीवाल्यांना कुणाबरोबर काम करायचं हे ठरवायचा हक्क होता, आणि थिओलाही आपल्या पद्धतीनं काम करायचा. दोघांचे हक्क शाबूत राहिले. जगाला तर एकाच्या जागी दोन प्रकल्प मिळाले.

पण हे दर वेळी इतकं सोपं नसतं. कोड कॉपी करायला काही मिनिटं लागतात. माणसं, नाव आणि विश्वास कॉपी होत नाहीत. आज लिनक्सचा कोड उचलून कुणी वेगळी चूल मांडली, तर तिच्यावर जेवायला येणार कोण? म्हणून 'पटत नसेल तर जा' एवढं म्हणून भागत नाही. घरात राहणाऱ्यांसाठी घराचे नियम लागतातच.

लिनसची माघार

मार्च २०१५ मध्ये लिनक्सनं असा नियम करून पाहिला. त्याचं नावच होतं 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे भांडणाची संहिता! तुमच्या कोडवर कडक टीका होणारच, पण कुणी वैयक्तिक छळ करत असेल तर तक्रार करा, एवढाच त्याचा मथितार्थ.

मग उजाडला १६ सप्टेंबर २०१८. रविवार. कर्नलच्या ४.१९ आवृत्तीच्या कामाची नेहमीची माहिती देता देता लिनसनं भलतंच लिहिलं. दुसऱ्यांच्या भावना मला नीट कळत नाहीत, माझ्या वागण्यानं लोक दुखावले, कदाचित काही जण कर्नल सोडून गेले, त्यांची मी माफी मागतो, अशा अर्थाचं. आपण थोडा ब्रेक घेऊन मदत घेणार असल्याचंही त्यानं सांगितलं. पुढचं काम ग्रेग क्रोह-हार्टमननं सांभाळलं आणि ऑक्टोबरमध्ये ४.१९ बाहेर पडलं. लिनसही परतला.

त्याच सुमारास 'भांडणाची संहिता' जाऊन नवी आचारसंहिता आली. ती २०१४ मध्ये कोरलाइन अ‍ॅडा एम्के यांनी लिहिलेल्या 'काँट्रिब्यूटर कव्हेनंट'वर आधारलेली होती. आणि मग जो काही गदारोळ झाला, विचारू नका! आता कोडच्या दर्जापेक्षा माणसाची मतं तपासली जातील, बाहेरचं राजकारण आत घुसेल, अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली. काहींनी तर आपला कोड परत घेण्याची भाषा केली. या संहितेचा अर्थ कसा लावायचा, याचं वेगळं टिपण ऑक्टोबरमध्येच जोडावं लागलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लिनक्स बुडालं? नाही. लिनस गोडबोल्या झाला? तेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये उशिरा आलेल्या एका कोडला त्यानं सरळ 'कचरा' म्हटलंच. फरक इतकाच, की कचरा म्हणून बोट दाखवलं जातं ते मुख्यतः कोडकडे.

आणि नियमाला दात आहेत हेही दिसलं. 'बीकॅशएफएस' ही फाइल सिस्टिम लिहिणाऱ्या केंट ओव्हरस्ट्रीटनं एका सहकाऱ्याला जाहीरपणे शिव्या हासडल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरलं, की ६.१३ या आवृत्तीसाठी त्याचा कोड घ्यायचा नाही. इथं खरी पंचाईत कळते. शिक्षा एका माणसाला, पण ती फाइल सिस्टिम वापरणाऱ्या लोकांची दुरुस्तीही त्याबरोबर अडकली. मॉडरेशन फुकट पडत नाही, त्याची किंमत कुणीतरी मोजतं.

कुंपणानंच शेत खाल्लं तर?

बरं, नियम झाले. नियम राबवणारेही नेमले. पण त्यांच्यावर लक्ष कुणाचं?

'रस्ट' ही प्रोग्रामिंग भाषा तिच्या सौजन्यासाठी ओळखली जाते. आचारसंहिता तिथं अगदी सुरुवातीपासून. आणि तिथंच २२ नोव्हेंबर २०२१ रोजी अख्ख्या मॉडरेशन टीमनं एकगठ्ठा राजीनामा दिला. कारण? प्रकल्पाच्या वरच्या 'कोअर टीम'ला कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही, त्यामुळे तिच्यावर नियम लागू करणं अशक्य झालंय, असं त्यांनी लिहिलं. थोडक्यात, हवालदारांनी सांगितलं की साहेबांवर केस घेता येत नाही. या राजीनाम्यानंतर खूप खल झाला आणि २०२३ मध्ये कोअर टीमची जागा नव्या 'लीडरशिप कौन्सिल'नं घेतली.

दुसरी गोष्ट पायथॉनची, आणि ती जास्त अस्वस्थ करते. टिम पीटर्स हे पायथॉनच्या घरातलं वडीलधारं नाव. त्यांनी २००२ मध्ये लिहिलेली 'टिमसॉर्ट' ही क्रम लावायची पद्धत पायथॉनमध्ये आहे, नंतर जावानंही ती उचलली. पायथॉन शिकणारा प्रत्येक जण वाचतो ती 'झेन ऑफ पायथॉन'ची सूत्रंही त्यांचीच. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच निवडून आलेल्या सदस्यांच्या 'स्टीअरिंग कौन्सिल'नं त्यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. जाहीर निवेदनात आधी नाव नव्हतं, पण ते कुणाबद्दल आहे हे लपून राहिलं नाही.

त्यांनी कुणाला शिव्या दिल्या होत्या? नाही. कारणांची एक यादी होती. त्यात एक कारण असं, की संस्थेचे नियम बदलण्याच्या चर्चेत त्यांनी खूप जास्त संदेश टाकले आणि त्यामुळे वातावरण तापलं. आचारसंहिता मोडल्याच्या कारणावरून संस्थेच्या सन्माननीय सदस्याला काढणं सोपं व्हावं, असा एक बदल त्याच प्रस्तावांत होता. म्हणजे नियमांवर बोलणाऱ्यालाच नियम लागला! त्यांच्या बाजूनं उभे राहिलेल्यांचं म्हणणं होतं, की हा मतभेदच गुन्हा ठरवण्याचा प्रकार आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं, की शिवी न देताही माणूस इतरांना थकवू शकतो. एक जण शंभर वेळा बोलला, की बाकीचे बोलायचेच थांबतात.

खरं सांगायचं तर दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण शिवी दिसते, मोजता येते. 'वातावरण तापलं' हे कसं मोजणार? जिथं गुन्हा इतका धूसर, तिथं शिक्षा देणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते. नेमकं कोणतं वाक्य खटकलं, आधी ताकीद दिली होती का, दाद कुठे मागायची, हे स्वच्छ सांगायला हवं. नाहीतर लोक नियम पाळत नाहीत, नुसते घाबरतात. आणि घाबरलेला माणूस कोडमधली चूकही दाखवत नाही. म्हणजे लिनसच्या ओरड्यानं जे नुकसान व्हायचं, तेच मऊ आवाजात होतं.

अर्ध्या सेकंदाचं गूढ

'जाऊ दे ना, प्रोग्रामरांची भांडणं, आपल्याला काय?' असं वाटत असेल तर ही शेवटची गोष्ट वाचाच.

'एक्सझेड' हे फाइली दाबून छोट्या करणारं सॉफ्टवेअर. जगभरच्या लिनक्स मशीनमध्ये असतं, पण त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. त्याचा मेंटेनर एकच. मेंटेनर म्हणजे हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी समजा. पगार शून्य, पण पाणी आलं नाही की सगळे त्याच्याच दारात. २०२२ मध्ये या मेंटेनरच्या मागे काही अनोळखी नावं लागली. इतका उशीर का? जमत नसेल तर दुसऱ्याला दे ना! तो बिचारा सांगत होता, की आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हा बिनपगारी छंद आहे. टोमणे थांबले नाहीत. त्याच वेळी 'जिया टॅन' नावाचा एक मदतीला तत्पर माणूस हजर होता. हळूहळू कारभार त्याच्याही हातात आला.

२९ मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरनं एक भयानक गोष्ट जाहीर केली. सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढता काढता त्याला एक्सझेडमध्ये चोरदरवाजा सापडला होता. 'जिया टॅन'नं तो बेमालूम बसवला होता. निशाणा कुठला? काही लिनक्स सिस्टिमवरचं ओपनएसएसएच. हो, तेच! हा चोरदरवाजा सगळीकडे पसरण्याआधी सापडला, हे आपलं नशीब.

म्हणजे इथं उद्धटपणा हे चक्क हत्यार होतं. एकट्या, थकलेल्या माणसाला टोचून टोचून त्याच्या किल्ल्या काढून घ्यायचं हत्यार. तेव्हा कुणी मध्ये पडून 'त्याच्याशी असं बोलायचं नाही' म्हटलं असतं, तर? कदाचित चोर दुसऱ्या वाटेनं आला असता. पण निदान त्या माणसाला एकटं वाटलं नसतं.

सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की एक गोष्ट उघड होते. बोलण्याचं स्वातंत्र्य आणि मॉडरेशन ही काही सासू-सुनेची जोडी नाही. कोडवर बेधडक बोलता यावं म्हणूनच माणसावर बोलणं आवरावं लागतं. आणि आवरणाऱ्यालाही कुणीतरी जाब विचारायला हवा.

पहिला पॅच पाठवताय? हे लक्षात ठेवा

• आधी थोडे दिवस नुसतं वाचा. तिथले लोक चूक कशी दाखवतात आणि चूक कशी मान्य करतात, ते बघा.

• आचारसंहिता शेवटपर्यंत वाचा. तक्रार कुणाकडे करायची आणि निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची, हे लिहिलेलं असेल तर घर चांगलं आहे असं समजा.

• 'हा कोड चुकलाय, कारण...' इथपर्यंत बिनधास्त जा. 'तुला अक्कल नाही' इथं थांबा.

• 'माझा कोड कधी घेणार?' असं रोज विचारू नका. समोरचा माणूस बहुधा दिवसभराची नोकरी करून रात्री हे करतोय.

• दुसऱ्या कुणाला टोमणे बसताना दिसले, तर गप्प बसू नका. शांतपणे एक ओळ लिहिलीत तरी पुरते.

• चिडलात? ड्राफ्ट सेव्ह करा, झोपा, सकाळी वाचा. तरीही पटत नसेल, तर वेगळी चूल आहेच. तो हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही.

आणि हो, हे फक्त प्रोग्रामरांसाठी नाही बरं का! उद्या सकाळी कुणाच्या तरी चुकीवर 'रिप्लाय ऑल' ठोकायला बोट शिवशिवेल, तेव्हा एवढंच बघा, की मेल कामाबद्दल आहे की माणसाबद्दल. कामाबद्दल असेल तर खुशाल पाठवा. बाथरोबमध्ये असाल तरी चालेल!